सफारीचा पहिला दिवस वाघाला देऊ नका

दिवाळी झाली की आमच्याकडे फोन सुरू होतात ते थेट मे संपेपर्यंत थांबत नाहीत. पुणे, मुंबई, नाशिक, बंगलोर, अगदी न्यू जर्सीहूनसुद्धा. प्रश्न एकच असतो. "मावशी, ताडोब्याचं बुकिंग झालंय. वाघ दिसेल ना?" चंद्रपूरला राहणाऱ्या माणसाच्या हातात वाघाचं वेळापत्रक असतं, अशी बाहेरच्यांची पक्की समजूत आहे! पूर्वी हेच नातेवाईक "बाप रे, तिकडे केवढं ऊन!" म्हणून लग्नकार्यालासुद्धा यायला कुरकुर करायचे. आता ४६-४७ च्या पाऱ्यात, भर मे महिन्यात, उघड्या जिप्सीत बसायला पैसे मोजून येतात. वाघाने आमच्या जिल्ह्याची सोयरीक वाढवली हे मान्यच करायला हवं.

तर मंडळी, या सगळ्या पाहुण्यांना मी जे सांगते तेच आज इथे लिहिणार आहे. माझं मत असं की सफारीला यावं, जरूर यावं, पण पहिला दिवस वाघाला देऊ नये. तो जंगलाला द्यावा आणि जंगलाच्या कडेने राहणाऱ्या माणसांना द्यावा. वाघ दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी नाही दिसला तरी हरकत नाही, हे तेव्हाच तुम्हाला पटेल, पहिल्या दिवशी पटणार नाही.

हे ऐकून काहींना वाटेल की मास्तरीणबाईंचं काय जातंय बोलायला, त्या तिथेच राहतात! खरं सांगू? तेहतीस वर्षं या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकवलं, पण पर्यटक म्हणून जिप्सीत मी बसले ती मागच्या वर्षी मार्चच्या शेवटी. इथल्या बहुतेकांचं असंच आहे. ज्यांच्या अंगणाला जंगल लागलेलं आहे ते सफारीला कशाला जातील? वाघ आम्हाला पाहायचा नसतो, टाळायचा असतो. हा फरक पाहुण्यांना आधी समजावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी शब्दाचं बघू, सवयच आहे ती. सफारी हा शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. अर्थ प्रवास. स्वाहिलीत तो अरबी 'सफर' वरून आला, आणि आपण मराठीत 'सफर' म्हणतो तोही तिकडूनच, फारसीच्या वाटेने आलेला. म्हणजे सफारी आणि सफर या सख्ख्या बहिणी. दोन्हींमध्ये प्रवास आहे, शिकार नाही आणि वाघ-सिंहही नाही. पुढे गोरे साहेब बंदुका घेऊन आफ्रिकेत हिंडू लागले, तेव्हा त्या शब्दाला शिकारीचा वास लागला. बंदुका गेल्या, कॅमेरे आले, पण वास काही पूर्ण गेलेला नाही. "मिळाला का?" "आम्हाला तीन मिळाले!" ही भाषा मी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकली आहे. ही शिकाऱ्याचीच भाषा नाही का?

आमचा एक भाचा केनियाला जाऊन आला. मसाई मारा. त्याच्या लॅपटॉपवर बाराशे फोटो! पहिल्याच दिवशी सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे, सगळं बघून झालं होतं. तो मग ताडोब्याला आला तो त्याच हिशोबाने. पण मारा आणि ताडोबा यांची जातकुळीच वेगळी. तिकडे मैलोन्‌मैल गवताचं मैदान. मैलभरावर बसलेली सिंहीण दुर्बिणीतून दिसते. सिंह कळपाने राहतो, उन्हात आळसावून पडतो. आपला वाघ एकटा. आणि आपलं जंगल म्हणजे साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह, आणि या सगळ्यांच्या पायाशी बांबूची गच्च जाळी. दहा पावलांवर वाघ बसलेला असेल आणि तुम्हाला फक्त ऊन-सावलीचे पट्टे दिसतील. तिथे डोळ्यांचं काम आहे, इथे आधी कानांचं.

ही कानांची विद्या मी त्या पहिल्या दिवशी शिकले. आमचा गाइड माझाच जुना विद्यार्थी निघाला. पाचवीत माझ्या वर्गात होता. गणितात यथातथाच, पण सुट्टीत पाखरांची घरटी दाखवायला सगळ्यांना घेऊन जायचा. मला बघितल्याबरोबर पाया पडला आणि म्हणाला, "बाई, आज तुमी माह्या वर्गात." मीही ऐटीत पुढच्या बाकावर बसले.

त्याच्या वर्गातला पहिला धडा असा. चितळ ओरडलं तर लक्ष द्यायचं, पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. चितळ भित्रं, ते कशालाही ओरडतं. वानर उंच फांदीवर बसून खोकल्यासारखा आवाज करू लागलं तर जरा जास्त विश्वास. आणि सांबराने 'ढांक' केलं तर मात्र गाडी थांबवायची, कारण सांबर उगीच तोंड उघडत नाही. मला लगेच शाळा आठवली. वर्गातही काही पोरं अशीच असतात, ऊठसूट "बाई, हा बघा!" म्हणणारी. आणि एखादं पोर वर्षातून एकदा बोलतं, पण ते बोललं की मास्तरांनी हातातलं काम सोडून ऐकायचं असतं.

मोहर्ली गेटवरून आम्ही आत गेलो. मोहर्ली ते ताडोबा तलाव या रस्त्याच्या कडेने ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळातले, असं सांगतात. खांबांतून दोर ओवलेला असे आणि घंटांच्या आवाजाने चंद्रपूरच्या किल्ल्यापर्यंत निरोप जाई, अशी कथा. किती जुने, काय वापर, हा वाद इतिहासकारांनी घालावा. पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हे 'अस्पर्श जंगल' वगैरे काही नाही. इथून राजाचे निरोप जात होते. इथे वाटा होत्या, वस्त्या होत्या, शेतं होती, देव होते.

आणि सगळ्यांत मोठा देव तर या जंगलाच्या नावातच आहे. विठोबा, खंडोबा तसा ताडोबा. गोंडांचा तारू. आदिवासी सांगतात की तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौष महिन्यात आदिवासी तिथे दर्शनाला येत आले आहेत. आता गंमत बघा. देशभरातून माणसं 'ताडोबाला वाघ बघायला' येतात, आणि ज्याच्या नावाच्या जंगलात येतात तो वाघाच्या हातून मेलेला माणूस आहे! त्या माणसाला लोकांनी देव केलं आणि वाघालाही शत्रू मानलं नाही. वाघालाही इथे देव मानतात. भीती आणि भक्ती एकाच पाटावर बसवायची ही रीत मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही पर्यावरणाच्या धड्यापेक्षा शहाणी वाटते. पण आमच्या पुढे-मागे धावणाऱ्या किती गाड्या तलावावर थांबल्या? थांबल्या, पण मगर दिसतेय का बघायला. तारूचं नाव विचारणारं कुणी नव्हतं.

आमच्या त्या सकाळी काय काय दिसलं ते सांगते. रानगव्यांचा कळप, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मोहाखाली अस्वल, फुलं खाण्यात इतकं गुंग की गाडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. रानकुत्र्यांची एक टोळी, लालसर, शिस्तीत रस्ता ओलांडणारी. पळस भरात होता. कांडोळाची पांढरीफटक झाडं, ज्यांना इंग्रजीत भुताचं झाड म्हणतात, ती पानं गाळून उभी होती. ऐनाचं खोड मगरीच्या पाठीसारखं असतं हे मी हजार वेळा पाहिलं असेन, पण उन्हाळ्यात त्या खोडात पाणी साठलेलं असतं हे माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं तेव्हा कळलं. वाघ दिसला नाही. आमच्या गाडीतले भाचेजावई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. आत मोबाइल वापरायला बंदी आहे हे किती बरं आहे, नाहीतर तेवढ्या वेळात त्यांनी शेअर बाजार तरी बघितला असता.

असो. हे झालं आतलं. पण मला त्या दिवसातलं खरं महत्त्वाचं दृश्य गेटच्या आत दिसलं नाही, बाहेर दिसलं. पहाटे साडेपाचच्या आधी, अंधारात, आमची गाडी गेटकडे जात होती. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेने बाया चालल्या होत्या. डोक्यावर टोपल्या, हातात काठी, सोबत एक-दोन पोरं. मोह वेचायला. मोहाचं फूल पहाटे गळतं, उजाडायच्या आत गाठलं नाही तर चितळं आणि अस्वलं संपवतात. मार्चमध्ये माझ्या वर्गाची हजेरी निम्म्यावर यायची ती यामुळेच. "काऊन आली नाही गं काल?" "बाई, मोह वेचाले गेली होती." यावर रागवायचं कसं? त्या फुलांवर घरात तेल-मीठ यायचं.

आता हे नीट डोळ्यांसमोर आणा. एकाच वेळी, एकाच जंगलाच्या कडेने दोन प्रकारची माणसं निघाली आहेत. एक गाडीत बसून, वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडत. दुसरी पायी, वाकून, वाघ दिसू नये म्हणून हात जोडत. दोघांच्या प्रार्थना एकाच वेळी कशा ऐकणार तो तारू?

मे महिन्यात मोह संपून तेंदूपत्ता सुरू होतो. विडीची पानं. पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, पण त्यात पुढच्या खरिपाचं बी-बियाणं, पोरांच्या वह्या-पुस्तकं निघतात. पहाटे पानं तोडायची, घरी आणून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, न्यायचे. पानं तोडताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही असं जाणकार सांगतात. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी, एकाच गावच्या तीन. बातमी दोन दिवस वर्तमानपत्रात राहिली. त्याच दिवशी कुठल्याशा गेटवर कुणाला तरी वाघ छान 'मिळाला' असेल आणि त्याचा फोटो मात्र वर्षभर फिरत राहील.

वनखात्याची माणसंही यातून सुटलेली नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आपण जिप्सीतून फिरतो ते रस्ते, ती पाणवठ्यांची व्यवस्था, तो उन्हाळ्यातला वणव्यावरचा पहारा, हे सगळं अशा पायी चालणाऱ्या माणसांनी सांभाळलेलं असतं. पाहुण्यांनी त्यांच्याकडे कधी बघितलं तर 'गेट उघडणारा' म्हणून.

कुणी म्हणेल, मग वाघ नकोच का तुम्हाला? नाही हो, असं मुळीच नाही. वाघ हवाच. २००६ च्या गणनेत सगळ्या देशात १४११ वाघ निघाले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हळहळ व्यक्त झाली होती. महाराष्ट्रात त्या वेळी १०३ होते. २०२२ च्या गणनेत देशात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४. हे यश लहान नाही, आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. १९५५ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून ताडोबा सुरू झालं तेव्हा ते जेमतेम ११६ चौरस किलोमीटरचं होतं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा आज सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे.

पण गणित मांडा. जंगल वाढत नाही, वाघ वाढतात. तरुण नराला स्वतःचा इलाखा लागतो. तो मिळाला नाही की तो बाहेर पडतो, ब्रह्मपुरीकडे, सिंदेवाहीकडे, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत. एका बाजूला कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, महामार्ग, कालवे. दुसऱ्या बाजूला धानाची शेती. मधल्या झुडपी जंगलात वाघ आणि माणूस समोरासमोर येतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात एक वाघ पकडला, त्याच्या नावावर तेरा माणसं होती. यावर उपाय म्हणून वाघ हलवणं सुरू झालं आहे. २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्याला सोडल्या. २०२४ मध्ये ताडोब्यातल्या दोन वाघिणी ओडिशात सिमिलीपालला नेल्या, तर त्यातली झीनत झारखंड, बंगाल असं करत चालत सुटली, शेवटी डिसेंबरअखेर बांकुड्यात पकडून परत नेली. सासरी मन न रमलेली लेक निघावी तशी! हसू येतं, पण विचार केला तर कळतं की नकाशावर रेघ मारून प्राणी तिथे राहत नाहीत. माणसंही राहत नाहीत.

माणसांवरून आठवलं. ताडोब्याच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं बाहेर आली. कुणाला पैसे मिळाले, कुणाला जमीन, कुणाचं बरं झालं, कुणाचं नाही. त्यांच्या शेतांची आता गवताची कुरणं झाली आहेत, तिथे चितळं चरतात, आणि चितळांमागे वाघ येतो. म्हणून पर्यटकांच्या गाड्या तिथे हमखास थांबतात. गाइड सांगतो, "इथे साइटिंग चांगली होते." बरोबर आहे. पण 'इथे' म्हणजे कुणाच्या तरी बापाच्या शेतात, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. आफ्रिकेतही हेच झालं. सेरेंगेटीचं मैदान माणसाशिवायचं दिसतं, कारण १९५९ मध्ये तिथल्या मसाईंना उठवून गोरोंगोरोकडे पाठवलं. आमच्या भाच्याच्या बाराशे फोटोंत मसाई होते, पण लाल शाली गुंडाळून हॉटेलसमोर नाचणारे. त्याला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मामी, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." सांगणारा नव्हता हे खरं, पण विचारणाराही नव्हता.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर एकांगी होईल. पर्यटनाने इथे पोटं भरली आहेत. माझा तो विद्यार्थी गाइड झाला म्हणून त्याला हैदराबादला मिरची तोडायला किंवा पुण्याला वॉचमन म्हणून जावं लागलं नाही. मोहर्लीकडच्या बाया गाइड झाल्या, अलीकडे काही जणी जिप्सीही चालवतात. ज्या बाईच्या आईने जन्मभर मोह वेचला ती आता पर्यटकांना इंग्रजीत पक्ष्यांची नावं सांगते, हे बघून माझ्यासारखीचा ऊर भरून येतो. बफरमधल्या गावांना काही पैसा मिळतो, २०१५ पासूनच्या जन-वन योजनेतून गॅस, कुंपणं आली. वाघाने माणूस मारला तर घरच्यांना पंचवीस लाख मिळतात. पर्यटक आलेच नाहीत तर गावाला वाघाचं ओझंच उरेल, फायदा काहीच नाही. तेव्हा येऊच नका असं मी कधीच म्हणणार नाही.

माझं भांडण येण्याशी नाही, घाईशी आहे. पाहुणा गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगतो, "वाघ दाखव, खूश करून टाकीन." इथेच सगळं बिघडतं. त्या पोराच्या डोक्यात मग एकच गोष्ट. वाघ दाखवला तर टिप, नाही तर तोंड वाकडं. मग तो गाडी दामटतो. कुठे वाघ दिसल्याची कुणकुण लागली की दहा-पंधरा गाड्या तिथे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवा. एका वाघिणीचा आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता दोन्ही बाजूंनी गाड्यांनी अडवला. व्हिडिओ सगळीकडे फिरला, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाइडवर कारवाई झाली. योग्यच झालं. पण गाडीत मागे बसून "पुढे घे, पुढे घे" म्हणणाऱ्यांचं काय? शिक्षा झाली ती हजार-पाचशेच्या टिपेसाठी स्टिअरिंग फिरवणाऱ्याला. मागणी करणारे गावी गेले, फोटो टाकून मोकळे झाले.

आता तुम्ही म्हणाल, उपाय सांगा. मी जन्मभर शाळेत काढलं, म्हणून शाळेचाच दाखला देते. जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस असतो तेव्हा कुठलाही शहाणा शिक्षक परीक्षा घेत नाही. पहिल्या दिवशी हजेरी असते. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण, चालत येतोस की सायकलने. एवढं झालं की मग दुसऱ्या दिवसापासून पाढे. सफारीचंही तसंच करावं. पहिला दिवस हजेरीचा.

म्हणजे काय करायचं? दुपारी पोचा. संध्याकाळची सफारी लगेच घेऊ नका. गावात चालत जा, एखादा गावातला माणूस सोबत घेऊन, उजेड असेतोवर. आठवडी बाजार असेल तर तो बघा. मोहाची फुलं कशी वाळवतात, टोळीचं तेल कसं काढतात ते विचारा. गावातल्या एखाद्या आजीला विचारा की तिने वाघ किती वेळा पाहिला. ती जे सांगेल ते कुठल्याही रिसॉर्टच्या फिल्ममध्ये नाही. बफरमध्ये पहिली फेरी करा आणि गाइडला आधीच सांगा, "दादा, आज वाघ नको. आज पाच झाडं, पाच पक्षी आणि पाच आवाज शिकवा." त्या माणसाचा चेहरा कसा खुलतो ते बघा! रोज त्याला फक्त एकच प्रश्न विचारतात, आणि त्याच्याकडे तर शंभर उत्तरं तयार असतात.

मुलं बरोबर असतील तर त्यांच्या हातात वही द्या. पाऊलखुणा काढू द्यात, पानं ओळखू द्यात. मारुती चितमपल्लींची पुस्तकं आधी घरी वाचून दाखवा. जून २०२५ मध्ये ते गेले, पण विदर्भाचं जंगल मराठीत त्यांनी आणून ठेवलं आहे, ते कुठे जात नाही. मराठी घरातल्या मुलाला हिप्पो माहीत असतो आणि नीलगाय माहीत नसते, हे बरं नव्हे.

आणि एक अगदी व्यवहाराची गोष्ट. टिप द्यायची असेल तर ज्या दिवशी वाघ दिसणार नाही त्या दिवशी तेवढीच द्या. शक्य असेल तर रुपयाभर जास्तच द्या. हे तुम्ही सगळ्यांनी केलं तर कोर्टाच्या दहा आदेशांनी होणार नाही तेवढं काम होईल. गाडी आपोआप हळू चालेल.

एकच दिवस असेल तर? रजा नाही, पैसे फार लागतात, मुलांच्या परीक्षा... अडचणी खऱ्या आहेत. एकच सफारी परवडत असेल तर निदान गाडीत बसण्याआधी एक तास गावात काढा. तेवढं तर जमेल? आणि वनखात्यालाही माझी एक विनंती आहे. 'चला माझ्या ताडोबाला' म्हणून बफरमधल्या शाळांतल्या पोरांना जंगल दाखवण्याचा उपक्रम त्यांनी चालवला, तो फार चांगला. त्याची उलटी बाजूही करावी. गेटवर पर्यटकांना प्लॅस्टिक आणू नका, मोबाइल ठेवा, एवढंच सांगतात. त्यात दहा मिनिटं गावातल्या माणसाला बोलू द्यावं. हे गाव कुठलं, इथून कोण उठलं, कोण राहिलं, वाघाने कुणाचं काय नेलं, वाघामुळे कुणाला काय मिळालं. दहा मिनिटांत कुणाची सफारी बुडत नाही.

मला ठाऊक आहे, हे वाचून काही भाचे-पुतणे म्हणतील की मामीचं नेहमीचं सुरू झालं. म्हणोत. पण तेंदूच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात रोज पहाटे माणसं जंगलात पाऊल टाकतात तेव्हा ती परत येतील की नाही हे कुणी सांगू शकत नाही. त्यांच्या सहनशीलतेवर हा वाघ उभा आहे. ती ज्या दिवशी संपेल त्या दिवशी कितीही बंदुकवाले पहारेकरी ठेवले तरी वाघ वाचणार नाही. वीजप्रवाह सोडलेली एक तार पुरते. तेव्हा त्या माणसांची ओळख करून घेणं ही पाहुण्यांनी केलेली मेहरबानी नाही, वाघ टिकवण्यातला त्यांचा वाटा आहे.

यंदा येणाऱ्यांनी आधी फोन करा. राहायची सोय आमच्याकडे आहे, झुणका-भाकर आणि वडा-भाताचं मी बघते. मंगळवार धरून येऊ नका, त्या दिवशी ताडोबा बंद असतं. आणि तुमच्यापैकी कुणी आफ्रिकेला, कान्ह्याला, गीरला जाऊन आले असाल, तर तिथे पहिल्या दिवशी तुम्हाला कोण भेटलं ते नक्की लिहून कळवा. कुठला प्राणी दिसला ते नंतर सांगितलंत तरी चालेल.